पावती क्रमांक दोन

आमच्या तालुक्यात सरकारकडे अर्ज केला की सही करणाऱ्याचं नाव कचेरीत जमा होतं आणि अर्जाचा निकाल लागल्यावरच परत मिळतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना मला ते पुन्हा लिहून द्यायला लावलंय. तीनदा तोंडी सांगून झालं. आता म्हणे लेखी द्या. वर हुकूम असा, की तुम्ही नेमके कोण हे विचाराधीन आहे, तेव्हा ‘मी’ असं लिहायचं नाही, तिसऱ्याच कुणाची हकीकत लिहावी तसं लिहा. बरं. मी दुसरी शिकलोय. त्यात बसेल तेवढं लिहितो.

तर भागोजी लिंगू शिगवण नावाचा एक माणूस होता. वय चौऱ्याहत्तर. घर वरच्या वाडीत, चिंचेखाली. वाडी आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये पऱ्या वाहतो. उन्हाळ्यात त्यात कोंबडीसुद्धा भिजत नाही, पण पावसाळ्यात पाणी कमरेला लागतं. त्यावर साकव बांधून द्या, लहानसा पूल, एवढंच वाडीचं मागणं. मुकुंद रहाटे ग्रामपंचायतीत शिपाई होता, त्यामुळे अर्ज तोच लिहायचा. तो कागद घेऊन चिंचेखाली आला.

“भागोजीकाका, वाडीत सगळ्यात जुने तुम्ही. पहिलं नाव तुमचं.”

“माझं घालू नको. शिमग्याला मला नाव लागतंय.”

हे खरं होतं. शिमग्यात पालखी सहाणेवर बसते, म्हणजे देवळासमोरच्या दगडी ओट्यावर. तिथे गुरव एका घराच्या कर्त्याला नावाने हाक मारतो. ज्याला हाक येते त्याने ‘ओ’ द्यायची, पुढे व्हायचं आणि मानाचा नारळ फोडायचा. मग गुरव त्या घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालतो. वाडीत मानाची घरं अठरा, दर वर्षी एक घर. मागच्या पाळीला भागोजीचा थोरला भाऊ होता, त्याने फोडला. म्हणजे भागोजीची ही पहिली पाळी. आणि पुढच्या पाळीला त्याचं वय ब्याण्णव झालं असतं, तेव्हा शेवटचीच म्हणा.

“शिमग्याला चार महिने आहेत काका. तोवर निकाल लागतो.”

“ते चार महिने आपले का सरकारचे?”

“आता काय बोलायचं तुमच्यापुढे. गेल्या श्रावणात काकूंचा हात त्याच पऱ्यात मोडला ना?”

मोडला होता. अजून तिला कळशी धरता येत नाही. भागोजी उठला आणि मुकुंदाबरोबर कचेरीत गेला. मागून सगळी वाडी.

आवक-जावकच्या खिडकीवर पेवेकर बाई होत्या. रांगेत पहिला भागोजी उभा राहिला, पण बाई चहा पिऊन येईपर्यंत त्याचे गुडघे बोलायला लागले. मुकुंद म्हणाला, “तुम्ही बसा पायरीवर. जागा मी धरतो.” भागोजी बसला. हीच चूक. कुणी जागा धरतो म्हणालं की आमच्याकडे माणूस बसतोच.

बाईंनी सह्या घेतल्या. भागोजीचा अंगठा घेतला. तो लिहितो, पण सहीच्या जागी अंगठाच देतो, कारण सही रोज वेगळी येते.

“अंगठ्याची नावं जड असतात,” बाई म्हणाल्या. “खालच्या फळीवर ठेवते.”

“वाळवी नाय ना लागणार?”

“डांबराच्या गोळ्या ठेवतो आम्ही.”

मग पावत्या वाटल्या. बाईंनी त्या रांगेप्रमाणे वाटल्या. पुढे मुकुंद उभा होता, त्याला पावती क्रमांक एक. भागोजीला दोन. अर्जात पहिलं नाव भागोजीचं आणि दुसरं मुकुंदाचं होतं, हे बाईंनी बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. भागोजीने पावती बंडीच्या खिशात घातली आणि तो आपलं नाव तिथे ठेवून घरी आला.

नाव नसलं की दुखत वगैरे नाही. समोरच्याचं तोंड उघडतं, पण त्यातून नाव बाहेर येत नाही, इतकंच. वाडीत एकशे बारा माणसं बिननावाची झाली. मग छत्रीवाला, तिरळा, दोन म्हशींचा, असं सुरू झालं. तिरळ्यावरून एक भांडण झालं, कारण तिरळे दोन होते. भागोजीला ‘चिंचेखालचा’ म्हणायला लागले. त्याच्या बायकोला आठ दिवस काही कळलंच नाही.

“अगं, माझं नाव गेलंय,” त्याने सांगितलं.

“मी पन्नास वर्षांत उखाण्याशिवाय कधी घेतलं नाय. मला कसं कळणार गेलं ते? जेवायला बसा.”

पौष गेला, माघ गेला. भागोजी दर सोमवारी कचेरीत जाऊन खालच्या फळीकडे बघून यायचा. बाई म्हणायच्या, “आहे हो बाबा, तिथेच आहे. सारखं बघितलं म्हणून लवकर निकाल लागत नाही.” शिमग्याला तीन दिवस उरले तेव्हा साकव मंजूर झाल्याचा कागद आला. नावं घेऊन जा, असा निरोपही आला.

मुकुंद सकाळीच जाऊन पावती क्रमांक एकचं नाव घेऊन आला. भागोजी दुपारच्या गाडीने गेला. पावती दिली, बाईंनी नाव दिलं, त्याने घेतलं. बाहेर पायरीवर आला, तर चपला शिवणारा म्हणाला, “काय मुकुंदराव, झालं काम?”

भागोजीने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. तो तसाच खिडकीवर परत गेला.

“बाई, हे माझं नाय.”

बाईंनी वही उघडली. “पावती दोन. नाव दोन. मुकुंद गणू रहाटे. बरोबर आहे.”

“मी भागोजी शिगवण.”

“ते सकाळीच गेले घेऊन.”

“अवो बाई, अंगठा लावून बघा माझा!”

बाईंनी लावून बघितला. भिंग घेऊन बघितला. “जुळतो,” त्या म्हणाल्या. “म्हणजे अंगठा तुमचा, हे सिद्ध झालं. नावाचं काही सिद्ध होत नाही. आणि नाव एकदा अंगाला लागलं की आम्हाला काढून घेता येत नाही. दुरुस्तीसाठी अर्ज करा. किमान शंभर सह्या लागतील.”

शंभर सह्या म्हणजे शंभर नावं पुन्हा फळीवर. भागोजी वाडीत दारोदार फिरला. सगळ्यांना वाईट वाटलं. चहा सगळ्यांनी दिला, सही कुणी दिली नाही. नुकतंच परत आलेलं नाव सणाच्या तोंडावर कोण सोडणार? राहता राहिला तो, सकाळी पावती एकचं नाव घेऊन आलेला माणूस, नारळाच्या आधी त्याला गाठायला हवं होतं. तो विहिरीवर सापडला.

“पालखीसमोर गप्प राहा. हाक आली की ‘ओ’ देऊ नको. मी देतो.”

“नाय देणार काका. देवाशपथ. मला काय करायचाय तुमचा मान? आमच्या घराची पाळी पुढच्या वर्षी आहेच.”

शिमग्याच्या सकाळी पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. गुरवाने हाक मारली, “भागोजी लिंगू शिगवण!”

चिंचेखालच्या म्हाताऱ्याने तोंड उघडलं. घशापर्यंत काही आलं नाही. आणि गर्दीतून दुसरीकडून, लख्ख, ‘ओ’ आली.

विहिरीवर शपथ घेतलेला तो माणूस पुढे गेला. त्याने नारळ फोडला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की बा देवा, या शिगवणाच्या घराला, गुराढोरांना, लेकराबाळांना सांभाळ, आणि सगळी वाडी म्हणाली, “व्हय म्हाराजा.” म्हातारा पण म्हणाला. घर त्याचंच होतं, न म्हणून कसं चालेल?

नंतर म्हाताऱ्याने त्या माणसाला देवळामागे धरलं.

“शपथ घेतलीस ना रे?”

“काका, हाक आली, तोंडातून ओ गेली! मी दिली नाय, ती गेली.”

“मग माफी माग.”

“कशाबद्दल? नाव माझं, हाक मला, पाळी माझी. तुम्ही कचेरीत विचारा.”

कचेरीत विचारलं. त्याचं म्हणणं बरोबर निघालं.

त्या वर्षी म्हाताऱ्याच्या म्हशीला रेडी झाली आणि बायकोचा हात कळशी धरण्याइतका बरा झाला. ते त्या नारळाने की मालिशीने, कोण सांगणार. बायको एकदा म्हणाली, “माझं काय अडत नाय, पण हळदीकुंकवाला उखाणा घ्यायला लावला तर नाव कुणाचं घालू?” ती त्या वर्षी हळदीकुंकवाला गेली नाही.

पुढच्या शिमग्याला गुरवाने हाक मारली, “मुकुंद गणू रहाटे!” आणि म्हाताऱ्याच्या तोंडातून ओ गेली. खरंच जाते, हे त्याला तेव्हा कळलं. पुढे होऊन त्याने नारळ फोडला. दोन भकलं सारखी झाली, लोक वा वा म्हणाले. गुरवाने रहाट्यांच्या घरासाठी, रहाट्यांच्या गुराढोरांसाठी गाऱ्हाणं घातलं. तो माणूस गर्दीत हात जोडून उभा होता आणि सगळ्यांत मोठ्याने “व्हय म्हाराजा” म्हणत होता. म्हाताऱ्याने खोबऱ्याचा अर्धा वाटा त्याच्या हातात ठेवला. त्याने तो खाल्ला. माफी तेव्हासुद्धा मागितली नाही.

साकव चांगला झालाय, खोटं कशाला बोलू. त्यावर पाटी आहे, पहिल्या अर्जदाराच्या नावाची. मी रोज त्यावरून जातो.

कचेरीने शेवटी विचारलंय, की तुमची आता नेमकी मागणी काय. नाव बदलून द्या असं मी म्हणत नाही. त्याला पुन्हा सह्या लागतील. मला फक्त माफी पाहिजे, वाडीसमोर, तोंडी, आणि ती अजून बाकी आहे. ज्याने ती मागायची राहिली आहे, त्याचं पूर्ण नाव खाली लिहितो आणि माझा अंगठा देतो.

भागोजी लिंगू शिगवण.