राजय्याचा सरळ हात

राजय्या कुनाच्या तोंडाकडं नीट बघायचाच न्हाय. तुमी बोलाया लागला की त्येची मान वाकडी व्हायची, एक डोळा बारीक व्हायचा आन् नजर तुमच्या हातातल्या तांब्यावर जायची. "उन्हात धर," म्हनायचा. धरला की जीभ टाळ्याला लावून चक् करायचा. "चूडु अक्का, जाळं हाय."

चूडु म्हंजे बघ. त्यो तेलगू मानूस, मराठी बोलता बोलता असं मधीच यायचं. आन् जाळं म्हंजे कोळ्याचं न्हवं. भांडं घासताना आपला हात गोल फिरतो की न्हाय, त्येच्यानं केसाहून बारीक रेघा उठत्यात. सावलीत काय दिसत न्हाय. ऊन पडलं की त्या उन्हाच्या ठिपक्याभवती गोल गोल इनल्यागत दिसत्यात. सगळ्या भवानी पेठेत त्या रेघा कुनाला दिसत नव्हत्या, आन् राजय्याला दुसरं काय दिसतच नव्हतं. एकदा देवळात आरती चालली व्हती, ह्येनं देवाच्या प्रभावळीकडं मान वाकडी करून बघितलं आन् मोठ्यानं म्हनला, "जाळं आला." गुरवानं त्येला हाताला धरून भाईर काढला. जाता जाता गुरवाला सांगतोय, "हात सरळ मार की रं."

मी आले केम गावाकडनं. दोन वर्सं पाऊस न्हाय, नवरा तापानं गेला, पदरात पोरगी. रेल्वेत बसले आन् सोलापुरात उतरले, यवढंच. रडत बसाया येळ नव्हता. एका गिरनीच्या मालकाच्या बंगल्यावर भांडी घासायचं काम मिळालं आन् भवानी पेठेत बोळात खोली मिळाली. शेजारच्या खोलीत ह्यो राजय्या. एकटाच. वयानं माझ्याहून लई थोरला, पन समद्या बायांना अक्काच म्हनायचा. मी त्येला अण्णा म्हनायची.

त्यो मूळचा साळी, मागावर बसनारा. सुताचा एक धागा तुटला तरी दुरनं दिसायचा त्येला. बंगल्यावर बाजंची नवार इनायला म्हनून गेला व्हता, त्याच टायमाला मालकाची मोटार आली. काळी कुळकुळीत. गड्यांनी हौसंनं पुसली, गोल गोल हात फिरवून. तिसऱ्या दिशी राजय्या नवार सोडून उठला, मान वाकडी केली, आन् मालकाला जाऊन सांगितलं, गाडीवर जाळं आला. मालकानं उन्हात बघितलं तर खरंच. तवापासनं राजय्याचा माग सुटला आन् त्यो मोटारीचा झाला.

त्येचं सगळं एकाच बोलावर व्हतं. "गोल जात्याला, सरळ गाडीला." पानी सोडायचं वरनं खाली, हात मारायचा पुढनं मागं, जसं मागावर ताना पसरतो तसं. फडकं खाली पडलं की त्ये फडकं त्या दिसापुरतं मेलं, धुतल्याबिगर हात लावायचा न्हाय. संगजिरं म्हंजे मऊ पांढरा दगड, त्यो कुटायचा, दाट कापडातनं तीनदा गाळायचा, गोड्या तेलात कालवायचा आन् त्येनं एकेक रेघ उतरवत बसायचा. एका बानेटाला सकाळ जायची.

डायवर व्हता दस्तगीर. त्येची आन् राजय्याची रोजची.

"अरे राजय्या, गाडी हय के दुल्हन हय? छोड अब, मालककू देर होती."

"तू फकस्त चालव. धुरळा तूच आनतो."

"तो क्या हवामें चलाऊं?"

"हळू चालव. धुरळा हळू बसंल."

काम झालं की राजय्या बानेटावर वाकायचा आन् म्हनायचा, "आता कुंकू लावता येतंय." आरशागत दिसाया लागलं, असा त्येचा अर्थ. सगळे हसायचे. दस्तगीर म्हनायचा, "कुंकू कोन लगाता, मैं?" त्ये बोलनं कुटनं आलं ते कुनी इचारलं न्हाय. मी बी न्हाय. मला तवा हसायला बी येळ नव्हता.

आता माझी चूक सांगते.

दसऱ्याच्या आदी तीन-चार दिस राजय्याला हिवताप आला. घोंगडं पांघरून पडला. खंडेनवमीला मोटारीची पूजा, आन् त्या साली मालकाचे नवे व्याही पूजेला येनार व्हते. मालकानं दोनदा निरोप धाडला. मी मनात म्हनलं, ह्या मानसानं माझ्या पोरीला तापात काढा आनून दिला, माझी खोली गळली तवा कौलं सारली. एक दिस त्येचं काम आपुन केलं तर काय झालं. दसऱ्याची पितळी भांडी मीच तर लखलखीत केली व्हती.

मी राख चाळून घेतली. ओला फडका घेतला. आन् मोटार घासली.

लई मन लावून घासली. जन्माची जात्यावर बसलेली बाई मी, माझा हात दुसरा फिरनार कसा. गोल, गोल, गोल. पडवीच्या सावलीत अशी चमकली की मलाच बरं वाटलं. मग दस्तगीरनं ती ढकलून अंगनात घेतली.

ऊन पडलं आन् मोटारीवर एक जागा अशी ऱ्हायली न्हाय. बानेट, दारं, मडगार, समदं जाळ्यानं भरलं. जशी काय मोटार वर्सभर अडगळीत पडली व्हती. दस्तगीर नुसता बघत ऱ्हायला. "या अल्ला," म्हनला.

मालक भाईर आले. मी खांबामागं उभी, हातात राखंचं टोपलं. मला कळलं, आता हितनं जायचं. पोरगी घिऊन कुटं जायचं ते तेवढं कळंना.

तेवढ्यात फाटकातनं राजय्या आला. घोंगडं तसंच अंगावर. कुनीतरी त्येला सांगितलं असावं. त्येनं मोटारीकडं मान वाकडी करून बघितलं. मग माझ्या टोपल्याकडं. चक् बी केलं न्हाय.

"कुनी केलं हे?" मालक म्हनले.

"मी," राजय्या म्हनला.

"तू? हे गोल हात तू मारलास?"

राजय्यानं मान खाली घातली. "तापात कळला न्हाय मालक. माझा हात गोल झाला."

दस्तगीर हसाया गेला आन् त्येनं तोंड फिरवलं. तुमाला वाटंल, त्यात काय यवढं. पन ज्यानं राजय्याला वळखलं त्येलाच कळंल. त्येनं चोरी केली म्हनला असता तरी यवढं जड गेलं नसतं. सगळ्या सोलापूरला सरळ हात शिकवत फिरनारा मानूस चार मानसांत म्हनत व्हता, माझा हात गोल झाला.

"नवमीला व्याही येनार," मालक म्हनले. "तवर गाडी हुती तशी झाली तर ऱ्हा. न्हायतर मी दुसरा मानूस बघतो."

नवमीला दोन दिस व्हते.

मालक आत गेल्यावर मी त्येच्याजवळ गेले. त्योच म्हनला, "राख गाळली व्हती?"

"चाळली व्हती अण्णा."

"चाळली, गाळली न्हाय. बस हितं. संगजिरं कूट."

दोन दिस आमी त्ये केलं. भांडी आवरली की मी कुटायची आन् गाळायची, त्यो उतरवायचा. मधीच थंडी भरायची, मग घोंगडं घिऊन मोटारीच्या पायरीवर बसायचा, उतरली की परत उठायचा. मलाबी एक दार दिलं. माझा हात गोल वळला की मनगटावर बोटानं टिचकी मारायचा. "जातं न्हाय अक्का." दस्तगीर दुरनं बघायचा. दुसऱ्या दिशी आपसूक येऊन बादलीचं पानी बदलाया लागला.

बानेट शेवटाला ऱ्हायलं. फडकं कुटलंच मऊ वाटंना त्येला. माझं जुनं लुगडं फाडून दिलं, त्येबी गालाला लावून परत केलं. मग घरी गेला आन् एक तांबड्या लुगड्याचा तुकडा घिऊन आला. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं, हातात धरलं तरी कळू नये. घड्या जुन्या, जागच्या जागी. त्येनं ते उलगडलं आन् बानेट पुसलं. पुढनं मागं. पुढनं मागं.

नवमीला सकाळी मोटार अंगनात आली. झेंडूची माळ घालायच्या आदी राजय्यानं मला हाक मारली.

"अक्का, बघ. कुंकू लावता येतंय का?"

मी तितंच थांबले. "अण्णा, माझ्या कपाळाला काय लावायचं ऱ्हायलंय?"

"लावू नको. लावता येतंय का यवढं सांग. माझ्या डोळ्याला ताप हाय, मला खरं कळना."

नवरा गेल्यापासनं मी आरशात बघितलं नव्हतं. आमच्यात बघत न्हाईत, आन् बघायचं तरी काय. मी वाकले. त्या काळ्यात एक बाई दिसली. गालाची हाडं वर आलेली, कानापाशी दोन केस पांढरे. मला वाटलं व्हतं मी अजून केमातलीच हाय. लई येळ बघितलं. एक बी रेघ नव्हती.

"येतंय," मी म्हनले.

मग त्यो बोलला. कवा न्हाय ते, मान वाकडी न करता. "गाडी नवी आली तवा माझी बायकू भाकरी घिऊन आली व्हती. पोशव्वा. घामानं कुंकू फिसकटला व्हता. आमच्या घरात आरसा नव्हता. हितं वाकून बोटानं नीट केली. हसली. म्हनली, रोज हितंच येते. त्याच साली पटकीच्या साथीत गेली." माझ्या श्वासानं बानेटावर वाफ धरली व्हती, ती त्येनं तांबड्या फडक्यानं सरळ पुसली. "गाडी साफ असली की वाटतं, येईल."

व्याही आले, पूजा झाली. मालकांनी बानेटात बघून टोपी नीट केली. राजय्याचं काम ऱ्हायलं. दस्तगीरनं त्येला नारळाचा मोठा तुकडा दिला. म्हनला, "तेरा गोल हात अच्छा हय रे," आन् माझ्याकडं बघितलं. त्येला पयल्यापासनं ठावं व्हतं.

फुडं काही वर्सांनी मालकांनी ती मोटार इकली. नवी आली, तिच्यासंगं पुन्याचा मानूस आला. राजय्या घरी बसला. डोळ्यांत मोतीबिंदू आला व्हता. त्येला आता समद्यावर जाळं दिसायचं. भिंतीवर, भाकरीवर, माझ्या तोंडावर. "अक्का, तुझ्या तोंडावर बी जाळं आला," म्हनायचा. मी म्हनायची, "ते वयाचं हाय अण्णा, ते तुझ्या संगजिऱ्यानं न्हाय जायचं."

त्येच्या खोलीत एक पत्र्याची काळी ट्रंक व्हती. त्यो दिसभर ती पुसायचा, त्याच तांबड्या फडक्यानं, पुढनं मागं. संध्याकाळी मी भाकरी घिऊन गेले की इचारायचा, "कुंकू लावता येतंय का?"

उभ्यानं व्हय म्हनलं तर आवाजावरनं त्येला कळायचं. म्हनून गुडघं दुखत असलं तरी मी वाकायची, ट्रंकंवर तोंड न्यायची, जरा दम धरायची. रंग उडालेला, गंज चढलेला. काय दिसत नव्हतं त्यात.

"येतंय की," म्हनायची मी. "आन् लई नीट बसलंय बघ."

मग त्यो फडकं जुन्या घड्यांवर घडी घालून ठिवायचा आन् भाकरीला हात लावायचा.