टोचलेल्यांच्या खुर्च्या

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, असे भय्यासाहेबांनी आधीच बजावले. असे बजावले की लोक खुर्च्या पुढे ओढतात, हा त्यांचा पन्नास वर्षांचा अनुभव.

सार्वजनिक आरोग्य रांगेवर उभे असते. जबलपुरात मदन महालजवळच्या लसीकरण केंद्रात ही रांग तीन खोल्यांतून जात होती. पहिलीत नाव सांगायचे, दुसरीत टोचून घ्यायचे आणि तिसरीत अर्धा तास बसून, आपल्याला काहीही झालेले नाही याची शासनाला खात्री पटवायची. भय्यासाहेब पहिलीतून थेट तिसरीत आले होते. (दुसरीत सुई होती.) फाटकाबाहेर पत्नी अनसूयाबाई नातवाला घेऊन उभ्या होत्या. अर्धा तास काढायचा आणि ‘झालं एकदाचं’ म्हणत बाहेर पडायचे, एवढाच बेत. तिसरीच्या दाराशी कापसाची बरणी होती. ती तेवढी घाईत नजरेतून सुटली.

आता अर्धा तास गप्प बसणे त्यांच्या प्रकृतीला सोसणारे नव्हते. म्हणून त्यांनी साथ कशी आटोक्यात आणली ते सांगायला घेतले.

साथ जबलपुरात आली तेव्हा ते सिविल लाइंसच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. (निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली होती, पण आणीबाणीत असले बारकावे पाहत नाहीत.) वरून आदेश आला: विषाणू रोखा. कसा, ते दुसऱ्या पानावर होते आणि दुसरे पान आलेच नाही. तेव्हा भय्यासाहेबांनी स्टेशनावर टेबल टाकले आणि पाटी लावली, ‘शहरात प्रवेश फक्त अर्जाने.’

विषाणू गाडीतून उतरले, पाटी वाचली आणि मुकाट्याने रांगेत लागले. अर्ज तीन प्रतींत, सोबत दोन फोटो आणि रहिवासाचा दाखला. दाखला रोज टेबलावर हजर असणारा दीक्षितपुऱ्यातला बाबू देणार, पण आधी सिविल लाइंसची सही हवी. सिविल लाइंस सही करणार, पण आधी दाखला हवा. विषाणूचे आयुष्य चौदा दिवसांचे. फाइलीला एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला लागत एकवीस. तीन महिन्यांत अर्ज आले ४,११२, मंजूर शून्य. त्यातले १,९०६ निव्वळ जेवणाच्या सुट्टीत दगावले. एकाने वशिला लावून पाहिला: आपण एका बड्या नेत्याच्या घशातून आलो आहोत. त्याच्या फाइलीवर लगेच ‘तातडीचे’ असा शिक्का मारण्यात आला. तिला त्रेचाळीस दिवस लागले.

खोली हसून हसून खोकू लागली आणि खोकण्याच्या भीतीने पुन्हा हसू लागली. शेजारचे अंबादास, कारखान्यातून निवृत्त झालेले चोख गृहस्थ, डाव्या दंडावर कापूस दाबून सारे ऐकत होते. त्यांनी मान हलवली.

“बाकी सब ठीक आहे, भैया. पण तो बाबू रोज टेबलावर सापडे, हे काही पटून नाही राहिलं.”

सगळ्यांनाच ते पटले नव्हते. भय्यासाहेबांनी उदार मनाने चूक कबूल केली: बाबू रजेवर होता. त्यासरशी उरलीसुरली शंकाही फिटली.

सत्ताविसावे मिनिट लागले. शेवटच्या विषाणूची फाइल केवढी जाड झाली ते दाखवायला भय्यासाहेबांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. दारात नर्स लीलाबाई यादी घेऊन उभ्या होत्या.

“काकाजी,” त्या शांतपणे म्हणाल्या, “विषाणूनं अर्ज केला, मानलं. पण इथं सारे दंडावर कापूस धरून बसून राहिले आणि तुमच्या कोटाचं बटणही निघालं नाही, ते काहून? तुम्ही खोटं बोलून राहिले. टोचून घेतलंच नाही तुम्ही.”

भय्यासाहेबांचे हात वरच राहिले. 

लीलाबाईंनी यादीवर बोट ठेवले. दुसऱ्या खोलीत टोचलेले एकोणीस. मग त्यांनी तिसऱ्या खोलीतल्या खुर्च्या मोजल्या. सव्वीस, सगळ्या भरलेल्या.

कोणी हसेना. कापूस मात्र सगळ्यांनी जरा जोरात दाबला. अंबादासांनी तर आता उजव्या दंडावर दाबला.

लीलाबाई पहिल्या खुर्चीपासून निघाल्या आहेत. तुमचे हसून झाले असेल तर तेवढे सांगून ठेवा: कोणता दंड?