कचरापेटीतील इन्स्टॉलराच्या उच्चाटनाची हकिकत

श्री. जे राहिले त्यास नमस्कार, जे गेले त्यास नमस्कार, आणि जे ना राहते ना जाते त्यापुढे हात टेकून ही हकिकत लिहिली असे.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन वद्य द्वादशी, ते दिवशी सकाळच्या प्रहरी दरबारात कोणी बोलेना. पडद्यावर अक्षरे उमटली होती की, "ही फाइल काढून टाकण्याची आपणांस परवानगी नाही," आणि पडद्यासमोर राज्याचे धनी राजश्री निळकंठराव बैसले होते, आणि दारात त्यांच्या पत्नी सगुणाबाईसाहेब पिठाचे हात पदरास पुसीत उभ्या होत्या, आणि वर पंखा एकटाच बोलत होता. मग बाईसाहेब हळूच बोलिल्या, "अहो, राहू दे ना त्याला. काय खातो तुमचं?" त्यावर राव गर्जले, "बारा गिगाबाइट खातो! माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत!" बाईसाहेबांच्या ओठी काही आले होते, ते त्यांनी गिळिले आणि त्या चकल्यांकडे वळल्या. ते जर त्या क्षणी बोलिल्या असत्या तर ही हकिकत लिहावी न लागती.

राज्य म्हणावे तर मेजावरचा एक संगणक, किल्ल्या अठ्ठ्याहत्तर, वय अकरा वर्षे, आणि चालता चालता दम लागे. ज्या सातासमुद्रापलीकडील कंपनी सरकाराने हे राज्य घडविले, त्यांजकडून तीन वर्षांमागे हुकूम आला की जुनी गादी, म्हणजे राज्य चालविणारी प्रणाली, मोडून नवी बसवावी, आणि ती बसविण्याकरिता इन्स्टॉलर नामे एक फाइल बारा गिगाबाइटांच्या लवाजम्यानिशी राज्यात उतरली. परंतु राज्य वृद्ध, नव्या गादीचा भार त्यास सोसेना. मग स्थापना रहित जाहली आणि स्थापक मात्र राहिला. रावांनी त्यास उचलून कचरापेटीत घातले आणि पेटी रिकामी करण्याची आज्ञा केली, आणि आज्ञा परत आली. कारण की त्याच्या कपाळी कंपनी सरकारचा शिक्का होता आणि त्यास हात लावू न देणारा पहारेकरी राज्यातच मुरलेला होता. रावांनी परवलीचा शब्द दिला, तेव्हा राज्याने "आपण धनी आहात" हे मान्य केले आणि धन्याची आज्ञा अमान्य केली. मग राज्य पाच वेळा निजविले आणि पाच वेळा जागे केले, मग त्याचे नाव बदलू पाहिले, मग गोडीने, मग शिव्यांनी, परंतु तो हलेना. पेटी रिकामी करू जाता पहिला तोच आडवा येई, आणि त्याच्या मागचे अवघे जागच्या जागी राही: हललेली छायाचित्रे, रद्द जाहलेली तिकिटे, उत्तर न आलेली पत्रे. राव कपाळास हात लावून म्हणत, "सगुणा, या पेटीतून काही म्हणजे काही जात नाही! मी जाईन, पण यातलं काही जायचं नाही." हे वाक्य बाईसाहेबांनी तीन वर्षे ऐकिले आणि मनात जतन केले.

आता या मोहिमेस घाई कशाची, ते लिहितो. बाईसाहेबांचे बंधू राजश्री सोपानराव, हे बसस्थानकी गाड्यांचा पुकारा करीत, आणि सात तालुके त्यांचा कंठ ओळखीत. गतसाली त्या कंठात गाठ निघाली आणि वैद्यांनी गाठीबरोबर स्वरही काढून नेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. परंतु त्यापूर्वी दर आदितवारी ते बहिणीस फोन करीत, आणि बाईसाहेबांनी ते बोलणे आपल्या फोनात मुद्रित करून ठेविले होते, ऐसे तुकडे त्रेचाळीस. बहिणीस ते लाडाने ठकूबाई म्हणत, आणि त्यात एक ऐसा होता: "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! ठकूबाई, आपली माहेरची गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे. पिशवी विसरू नये, आणि नवऱ्यास बरोबर आणणे सक्तीचे नाही!" सोपानरावांस श्रावणात नात जाहली होती. तिजला घेऊन ते भाऊबीजेस येणार होते, आणि आजोबाचा कंठ तिजला ऐकवावा, ऐसे बाईसाहेबांनी त्यांस वचन दिले होते. फोन तर मरणपंथास लागलेला. म्हणून राव म्हणाले, "भाऊबीजेआधी या बंदिवानाला हाकलतो, आणि त्याच जागी तुझ्या भावाचा आवाज बसवतो." रावांचे प्रेम खोटे नव्हते, हे येथे नमूद करितो.

परंतु जागेच्या शोधात राव रोज राज्यातील दालने धुंडाळीत आणि रोज काही ना काही पुसून टाकीत. भाद्रपदात बाईसाहेबांच्या लोणच्यांच्या कृती ऐशाच गेल्या. तेव्हा बाईसाहेबांनी विचार केला की दालनात ठेविलेले यांच्या हातून वाचत नाही, या राज्यात अढळ स्थान एकच, आणि ते यांनीच सांगितले आहे. मग दशमीस राव बाहेर गेले असता त्यांनी तार जोडून त्रेचाळीस तुकडे फोनातून राज्यात आणिले आणि एकेक करून कचरापेटीत, त्या अचल बंदिवानाच्या पाठीशी, ठेविले. आणि त्याच दुपारी "फुटके मोबाइल, जुने मोबाइल" ऐसे ओरडत फेरीवाला आला, त्यास तो फोन देऊन एक निळा टब घेतला. रावांस सांगावे तर "आवाज कुणी कचऱ्यात ठेवतं का?" म्हणून हसतील, म्हणून भाऊबीजेलाच सांगू, ऐसे योजून त्या गप्प राहिल्या.

द्वादशीस तिसऱ्या प्रहरी शेजारचे कोंडोपंत, यंत्रविद्येचे जाणते, कुमकेस आले. येताच म्हणाले, "काय राव, पाहुणा अजून मुक्कामाला? जावई तरी दिवाळी उरकून जातो!" राव म्हणाले, "थट्टा पुरे. उपाय सांगा." कोंडोपंत म्हणाले, "राज्य अर्धवट झोपेत उठवायचं, पहारेकऱ्याची हत्यारं काढून घ्यायची, आणि काळ्या पडद्यावर स्वहस्ते आज्ञा लिहायची. पण इथून गेलेलं परत येत नाही हो. मागचा रस्ताच नाही." मग राज्य निजले, मग अर्धे जागले, मग पडदा काळा जाहला, पाणी आटलेल्या विहिरीसारखा, आणि त्यात एकच पांढरी रेघ उघडझाप करू लागली. कोंडोपंत थबकले आणि पुसते जाहले, "एकट्यालाच काढू, की सगळी पेटी? आत आणखी बरंच आहे. आणि चाळीसएक बारीक फाइली दिसतात, नाव नाही, नुसते आकडे." राव म्हणाले, "कचऱ्यातला तो कचरा. करा साफ." कोंडोपंत म्हणाले, "वहिनींना एकदा विचारू या." राव हसले. तीन वर्षांत प्रथम हसले. "कचऱ्याची परवानगीसुद्धा आता घरात मागू? एवढी वर्षं कंपनीकडे मागितली तेवढी पुरे." आणि स्वतः बोट उचलून त्यांनी किल्ली दाबिली. आत चकलीचा सोऱ्या फिरत होता, त्याचा करकर आवाज येत होता. बाहेर काहीही आवाज जाहला नाही.

राज्य जागे जाहले, पेटी रिकामी. राव उठून उभे राहिले आणि डोळ्यांस पाणी आणून ओरडले, "सगुणा! गेला! आण तो फोन, सोपानरावांना गादीवर बसवू!" बाईसाहेब चहाचे दोन पेले घेऊन आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिले. मग पुसिले, "पेटीत दुसरं काही होतं का?" राव आनंदात होते, म्हणाले, "होतं किरकोळ. आकडे नुसते." कोंडोपंत खाली पाहू लागले. "किती?" बाईसाहेबांनी पुसिले. कोंडोपंत कष्टाने म्हणाले, "चाळीसएक, वहिनी." तेव्हा रावांचे हसू जागच्या जागी विझले, आणि ते म्हणाले, "सगुणा, फोन कुठे आहे?" बाईसाहेबांनी पेले मेजावर ठेविले, एक सांडला, तो पुसिला नाही. "सगुणा, फोन कुठे आहे गं?" गच्चीत निळा टब उन्हात पालथा पडला होता. रावांची दृष्टी त्याजवर गेली आणि तेथेच राहिली. त्यांनी तिसऱ्यांदा पुसिले, या वेळी स्वर त्यांचाही उमटला नाही, नुसते ओठ हलले. बाईसाहेब वळल्या आणि आत निघून गेल्या. सोऱ्या पुन्हा फिरला नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, बंदिवान गेला, आणि राज्यात बारा गिगाबाइट जागा मोकळी जाहली. ती अद्याप मोकळीच आहे.