मुकादम कोण

ज्ञानूने वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात सव्वीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या. त्याची टोळी ज्या गाळ्यावर राबायची तो गाळा बंद झाला आणि बारा माणसं बारा वाटांना गेली. मग त्याच्या लेकीने, तेजश्रीने, मोबाइलवर तळोज्याच्या एका गोदामाची जाहिरात शोधून काढली. सुपरवायझर हवा होता.

कोपरखैरण्याच्या घरात तिने वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे कंपनीला काय हवं ते, उजवीकडे आबांनी काय केलंय ते. मालाची थप्पी लावणं? जन्मभर तेच केलं होतं. गाड्यांची नोंद ठेवणं? टोळीत धड लिहिता येणारा तो एकटाच, वही त्याच्याकडेच असायची. एक ओळ तेवढी कोरी राहिली. दहा माणसांकडून काम करून घेण्याचा अनुभव.

ते काम टोळीच्या नामा मुकादमाचं. ज्ञानूने आयुष्यात कुणाला 'ऊठ' म्हटलं नव्हतं. दारात मांजर बसलं असलं तर तो त्याला वळसा घालून जाई.

"आबा, मुकादम होतो म्हणायचं. कोण चेक करायला जातंय?" तेजश्री म्हणाली, आणि तिने लिहूनही टाकलं.

तीन दिवस ज्ञानूने ते वाक्य घोकलं. मुलाखतीच्या दिवशी गोदामात पोचला, तर बाकावर इस्त्रीच्या सदऱ्यात नामा मुकादम बसलेला.

ज्ञानू बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. नामाने रामराम केला, पण नजर दिली नाही. आधी तोच आत गेला. बाहेर आला तो घाम पुसत, आणि परत बाकावर बसला.

आत मुलाखत घेणाऱ्या नमिता मॅडमपुढे दोघांचे अर्ज शेजारी-शेजारी होते. एकच गाळा, तीच वर्षं, आणि दोघेही मुकादम. तुमच्या टोळीला मुकादम किती होते, असं त्यांनी शांतपणे विचारलं. घोकलेलं वाक्य ज्ञानूच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

"मुकादम नामाच हुता, मॅडम. म्या नुसती वही लिवायचो. खोटं लिवलं, चुकलं माजं."

तो उठलाच होता. मॅडमनी त्याला बसवलं आणि नामाचा अर्ज त्याच्यापुढे सरकवला. टोळीची वही सव्वीस वर्षं मीच लिहिली, असं त्यात होतं. मॅडमनी पेन देऊन एका गाडीची नोंद करायला सांगितल्यावर नामा बराच वेळ पेनाकडे बघत राहिला होता. मग म्हणाला होता, वही ज्ञानूची.

"तुमचे दोन अर्ज जोडले ना, तर मला हवा तो एक माणूस होतो," मॅडम म्हणाल्या.

सुपरवायझरची जागा एकच होती. लिहिता येतं म्हणून ती ज्ञानूला मिळाली. नामाला त्याच्या हाताखाली माल उतरवायला घेतलं.

सोमवारी पहिली गाडी लागली. आठ माणसं सावलीत टेकली होती. ज्ञानू खाकरला. वहीत बघून पुन्हा खाकरला. कुणी हललं नाही.

"हं, चला," मागून नामा हळूच म्हणाला.

आठही माणसं उठली. आणि नवे सुपरवायझर वही खाली ठेवून, पाठ वाकवून, सगळ्यांच्या आधी गाडीला जाऊन भिडले.