साडूसाठी खास सेटअप

"हे स्पष्ट दिसतंय, की हे?"

चष्मेवाल्याने आजोबांच्या नाकावरच्या जड फ्रेममध्ये दुसरी काच सरकवली आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. साडूचा होता. गिऱ्हाईक समोर असताना चष्मेवाला फोन घेत नसे, पण या आठवड्यात साडूचा फोन म्हणजे शत्रूच्या गोटातला फोन. आजोबांना "जरा डोळे मिटून बसा" असं सांगून तो पडद्याआड गेला.

"अहो, रविवारचं तुमचं सेटअप पाठवता का जरा?" साडू म्हणाला. "माझी गाडी वळायचं नावच घेत नाही."

आता हे दोघे चाळिशी उलटलेले गृहस्थ कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळत. घरातच खुर्चीपुढे स्टीअरिंग, पायाशी पेडल, कानाला हेडफोन आणि वीस जणांची लीग. पोरखेळ म्हणाल, तर चष्मेवाला तुमच्याशी बोलणं टाकेल. खऱ्या गाडीचं सगळं इथे असतं. टायरमध्ये हवा किती, स्प्रिंग किती ताठ, मागचा पंख किती तिरका, ब्रेकचा जोर पुढच्या चाकांवर किती नि मागच्या चाकांवर किती. या सगळ्या जुळणीला म्हणायचं सेटअप. चष्मेवाला ती डोळे तपासल्यासारखी करायचा. एका वेळी एकच बदल, मग पाच फेऱ्या, मग वहीत नोंद, मग पुढचा बदल.

रविवारी हंगामातली शेवटची शर्यत होती. गुणतक्त्यात खालचे चार जण दुसऱ्या गटात जाणार होते. चष्मेवाला सोळावा होता, साडू सतरावा, आणि दोघांत फरक दोन गुणांचा. आता दुसऱ्या गटात जाऊन कुणाचं काय बिघडतं? चष्मेवाल्याचं बिघडत होतं. पहिल्या गटाच्या शर्यती रविवारी, दुकान बंद असताना. दुसऱ्या गटाच्या शनिवारी संध्याकाळी पाचला, आणि त्या वेळी दुकानात उभं राहायला जागा नसते. खाली गेला की त्याचा खेळ संपलाच. आठवडाभर परक्यांच्या डोळ्यांत डोकावणाऱ्या या माणसाचं स्वतःचं असं रविवारचे दोन तास सोडून काही नव्हतं.

पण नाही तरी कसं म्हणणार? साडू दातांचा डॉक्टर. मागच्याच महिन्यात चष्मेवाल्याच्या बायकोची अक्कलदाढ ठणकायला लागली, तेव्हा त्याने सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडून ती काढली होती.

"पाठवतो की," चष्मेवाला म्हणाला. "तुमच्यापेक्षा का जास्त आहे?"

आणि मग त्याने ते केलं. शुक्रवारी दुकान अर्धा तास आधी बंद करून घरी आला आणि स्वतःच्या सेटअपची एक नक्कल काढली. मागच्या टायरांत थोडी हवा जास्त भरली. ब्रेकचा जोर मागे सरकवला. मागचा पंख जरा आडवा केला. काम त्याने फार सफाईने केलं, ते कबूल केलंच पाहिजे. गाडी पहिल्या दहा फेऱ्या वाऱ्यासारखी पळे. मग मागचे टायर तापत, आणि बाराव्या फेरीत सातव्या वळणावर, उतारावर ब्रेक दाबला की शेपूट सुटून गाडी गर्रकन फिरे. तीनदा चालवून पाहिली, तिन्ही वेळा तिथेच फिरली. सरावात बारा फेऱ्या कोण मारतो? सगळे चार फेऱ्या मारतात, वेळ बघतात आणि खूश होतात. त्याने फाइल पाठवून दिली.

शनिवारी सकाळी बायकोने न मागता दुसरा चहा आणून ठेवला.

"ताईचा फोन होता," ती म्हणाली. "भावोजी म्हणाले म्हणे, आजकाल एवढ्या मोठ्या मनाचं कोण असतं? मला मेलीला वाटायचं, तुम्ही ती वहीसुद्धा कुलपात ठेवता."

वही कुलपातच होती. चष्मेवाल्याने मान खाली घालून चहा संपवला. मनात पाल चुकचुकली, पण तिला त्याने गप्प बसवलं. एका साडूचाच तर प्रश्न होता. त्याला शनिवारी सुट्टी असते, तो दुसऱ्या गटातही मजेत खेळेल.

रविवारी साडेतीनला त्याने हेडफोन चढवले आणि लीगचा ग्रुप उघडला. पहिलाच निरोप बसवाल्या काकांचा होता. काका म्हणजे बसचे निवृत्त ड्रायव्हर, वय वर्षं अडुसष्ट, आणि गुणतक्त्यात पंधरावे. त्यांनी लिहिलं होतं, "सेटअप मिळालं. देव तुमचं भलं करो."

चष्मेवाल्याने ते दोनदा वाचलं. त्याखाली दुसऱ्याचा निरोप आला, मग तिसऱ्याचा. एकूण सहा आभार. त्याने लगेच साडूला फोन लावला.

"हो, मीच दिलं सगळ्यांना," साडू खुशीत म्हणाला. "खालच्या फळीतले आहेत बिचारे. म्हटलं, माणूस एवढ्या मनाने देतोय, तर चार जणांचं भलं होऊ दे. नाव तुमचंच सांगितलंय हं."

"आणि तुम्ही? तुम्ही लावलंत?"

"छे हो. तुमची मेहनत घेऊन तुम्हालाच मागे टाकायचं, हे काय बरं दिसतं? मी आपलं जुनंच लावलंय. तुमची फाइल बघून पंख तेवढा हलवला."

ज्याच्यासाठी खड्डा खणला, तो काठावर उभा राहून हसत होता आणि भलतेच सहा जण आत उतरायला निघाले होते. शर्यतीला वीस मिनिटं होती. त्याने ग्रुपवर लिहिलं, "ते सेटअप लावू नका." मग पुसलं. का लावू नका, याला उत्तर काय देणार? पुन्हा लिहिलं, "मागच्या टायरांची हवा थोडी कमी करून बघा, ब्रेकही जरा पुढे घ्या," आणि पाठवलं.

काकांचं उत्तर लगेच आलं. "नको नको. सोन्यासारखी गाडी आहे, चार फेऱ्या मारून बघितल्या. आम्ही हात लावणार नाही."

त्यावर पाच जणांनी अंगठे दिले. एवढ्यात बायको खुर्ची घेऊन आली आणि त्याच्या मागे बसली. ती आजवर एकदाही शर्यत बघायला आली नव्हती.

"आज बघणार मी," ती म्हणाली. "ताईने सांगितलंय, सगळं नीट बघून मला कळव."

चार वाजता शर्यत सुटली. वीस फेऱ्या. सहाही जण पहिल्या वळणापासून असे पळाले की चष्मेवाला चौदाव्यावरून अठराव्यावर घसरला. साडू त्याच्या मागेच चिकटून होता. पाचव्या फेरीत काका सातवे होते. त्यांचा आवाज हेडफोनमधून येत होता, "वा, वा, काय धरते गाडी." प्रत्येक वा चष्मेवाल्याच्या काळजात सुईसारखा टोचत होता.

दहाव्या फेरीत त्याने सहाही गाड्या मोजल्या. सगळ्या त्याच्या पुढे. बोलावं का आता? एक बटण दाबलं की सगळ्यांना ऐकू गेलं असतं, सातव्याला लवकर ब्रेक मारा म्हणून. पण मग सहा गाड्या पुढे, तो मागे, आणि शनिवार कायमचा. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. अकरावी फेरी तशीच गेली.

बारावी फेरी सुरू झाली. सहावं वळण गेलं, उतार लागला. चष्मेवाल्याने नेहमीपेक्षा चांगला पन्नास मीटर आधी ब्रेक दाबला. मागून साडू ओरडला, "अहो, काय झालं?" आणि त्यानेही ब्रेक दाबला. पुढे पहिली गाडी फिरली. तिला चुकवायला दुसऱ्याने ब्रेक जोरात मारला, तीही फिरली. मग तिसरी, मग काकांची, मग उरलेल्या दोन. त्यांच्यात अडकून आणखी तिघे चांगले ड्रायव्हर भिंतीला लागले. धुराच्या लोटातून चष्मेवाला वाकडातिकडा निघाला आणि साडू त्याच्या शेपटीला धरून.

"अगं बाई," बायको म्हणाली. "एवढ्या सगळ्या एकदम कशा पडल्या?"

चष्मेवाल्याने गाडी सरळ केली आणि पुढे हाकली. पुढच्या आठ फेऱ्या त्याने कशा मारल्या, हे त्यालाही आठवत नाही. तो नववा आला. एवढा वर तो कधीच आला नव्हता. साडू दहावा. दोघेही वाचले. खाली गेलेले चारही जण त्या सहांतलेच होते, आणि त्यांत काका होते.

शर्यतीनंतर हेडफोनमध्ये काका हळूच म्हणाले, "तेहेतीस वर्षं बस चालवली, कुणाला घासली नाही. आज हातातली गाडी कशी सुटली, तेच कळेना. सेटअप तर एक नंबर होतं. माझंच चुकलं."

"आमचंही तेच," दुसरा म्हणाला. "एकच सेटअप सात जणांकडे. सहा जण फिरले आणि हा पठ्ठ्या नववा. म्हणजे गाडी नाही हो, हात लागतो हात."

"खरं आहे," काका म्हणाले. "मास्तर, पुढच्या रविवारी आम्हाला चालवून दाखवा. गाडी मी तयार ठेवतो, हीच फाइल लावून. आम्ही सगळे बघतो, तुम्ही कुठे ब्रेक मारता ते."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. तो आठवडा चष्मेवाल्याने स्वतःच बिघडवलेली गाडी चालवायला शिकण्यात घालवला. रोज दुकान लवकर बंद. टायर जपून पाहिले, ब्रेक हलका दाबून पाहिला, वळण लांबून घेऊन पाहिलं. गाडी बाराव्या फेरीला फिरायची म्हणजे फिरायचीच. काम सफाईने केलं होतं ना.

रविवारी सोळा जण बघायला हजर होते, आणि मागे बायकोही खुर्ची टाकून बसली होती. अकरा फेऱ्या त्याने जीव मुठीत धरून काढल्या. काका दर वळणाला "लिहून घेतलं" म्हणत होते. बाराव्या फेरीत, सातव्या वळणावर, सोळा जणांच्या साक्षीने गाडी गर्रकन फिरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

चष्मेवाल्याने स्टीअरिंग सोडलं. त्याला खूप लाज वाटत होती आणि आता ती गिळवत नव्हती.

"काका, ऐका," तो म्हणाला. "यात तुमची कुणाचीच चूक नव्हती. हे सेटअप मी बिघडवून पाठवलं होतं. साडूंना हरवायला. बाराव्या फेरीला फिरावी म्हणूनच बनवलं होतं मी ते. मी स्वतः ते लावलंच नव्हतं."

मागे बायकोची खुर्ची करकरली.

"ऐकलंत?" काका सगळ्यांना म्हणाले. "आपण फिरलो म्हणून याने स्वतःची गाडी फिरवून दाखवली. आणि वर आपल्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर आळ घेतोय."

"काका, खरंच सांगतोय मी."

"ते असेच आहेत," साडू अभिमानाने म्हणाला. "मी ओळखतो ना त्यांना. स्वतःकडे मोठेपणा म्हणून घेणार नाहीत."

"अहो, वहीत लिहिलंय सगळं. दाखवू का?"

"पुरे आता मास्तर, लाजवू नका," काका म्हणाले. "मी म्हणतो, असा माणूस वर राहून आमच्या काय कामाचा? आम्हा खाली गेलेल्यांना कोण शिकवणार? यांना दुसऱ्या गटाचे मास्तर करू या."

सोळाच्या सोळा जणांनी हो म्हटलं. साडूने तर दोन वेळा म्हटलं.

पुढच्या शनिवारी पाच वाजता दुकानात अकरा माणसं उभी होती. काउंटरमागे बायको एकाच्या नाकावर जड फ्रेम उलटी बसवत होती आणि "साहेब शिकवणीला गेलेत, येतील एवढ्यात" असं सगळ्यांना सांगत होती. घरी चष्मेवाला हेडफोन लावून बसला होता.

"मास्तर," काकांनी विचारलं, "वेळ वाया कशाला घालवायचा? थेट बाराव्या फेरीपासून सुरुवात करू या का?"