गच्चीवरचा चुन्याचा गोल

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टेंबेकाकांनी चुन्याचा एक मोठा गोल काढून ठेवला आहे. त्यात कपडे वाळत घालायचे नाहीत, पापड तर नाहीतच नाहीत. कारण तिथे उडती टॅक्सी उतरणार आहे.

"कधी हो?" विचारलं की काका म्हणतात, "बस, दो-चार साल की बात है!" सगळी नोकरी इथे भोपाळमध्येच, कारखान्यात झाली, त्यामुळे भविष्यकाळ ते हिंदीतच सांगतात.

माणसाचं भलं होणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही. कॅन्सर सर्दीसारखा बरा होणार, भांडी यंत्रं घासणार, लढाया बंद पडणार. "एवढी हुशार पोरं जन्माला येतायत, ती काय भांडत बसणार?" आमच्या स्टेशनचं नाव बदललं तरी आम्ही सगळे अजून हबीबगंजच म्हणतो, नवं नाव पहिल्या दिवसापासून न चुकता घेणारे एकटे काका. स्कूटर मात्र रोज ढकलून सुरू करतात. उद्या भंगारात जाणाऱ्या वस्तूची दुरुस्ती कशाला?

यंदाच्या उन्हाळ्यात ठिणगी पडली. करोंद मंडीतून गहू आणून आम्ही बायकांनी कुरडयांचा घाट घातला. गच्ची भरली, तेव्हा मी प्लास्टिक सरळ गोलात अंथरलं. काका धावत आले.

"वहिनी, अहो लँडिंगच्या जागेत कुरडया?"

मीही तापले होते, थोडी उन्हाने आणि बरीचशी काकांमुळे. "टॅक्सी खाली रस्त्यावर उतरवा की! गच्चीच कशाला हवी?"

काका कठड्याला टेकले. मग म्हणाले, "खाली हिला कुठे येता येतं?"

टेंबेकाकूंचे गुडघे गेलेत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

"गच्चीचा एक जिना धरून धरून चढते. उतरायचे तीन जमत नाहीत. ऑपरेशनला घाबरते. चौघांनी खुर्चीतून न्यायचं म्हटलं तर म्हणते, 'जिवंतपणी नको!' एकदा तळ्यावर जायचंय तिला, बस." काका चुन्याच्या रेघेकडे बघत राहिले. "दो-चार साल म्हणतो खरा, पण आता म्हणताना माझाच धीर सुटतो."

मी प्लास्टिक गोलाबाहेर ओढलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीभर कुरडया होत्या, गोल तेवढा मोकळा. त्यात खुर्ची टाकून टेंबेकाकू काठीने कावळे हाकत होत्या. अंगावर ठेवणीतली साडी, मांडीवर पर्स.

"काकू, गच्चीवर पर्स कशाला?"

काकू लाजल्या. "हे म्हणतात, आपण तयार असावं."