मूळ बेडूक कायम ठेवून

दुरुस्ती शाखेच्या प्रमुख लिपिकांच्या घरी एक संगणक होता आणि तो चालू स्थितीत होता, ही बाब सुरुवातीलाच नमूद करणं आवश्यक आहे. मुलगी शाळेत असताना खेळ खेळता यावेत म्हणून तो घेतलेला. त्याच्या दर्शनी भागावर तिने त्या काळी हिरव्या बेडकाचं एक स्टिकर चिकटवलं होतं. पुढे मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, बेडूक राहिला. दर रविवारी संध्याकाळी बाप इथून आणि लेक तिथून मोटारींची शर्यत लावत. आठवडाभर ऑफिसात तोंडावरची सुरकुती न हलवणारे लिपिक त्या वेळात असे काही ओरडत, की शेजारी खिडक्या लावून घेत.

एका रविवारी हेडफोनमधून मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची गाडी अडखळतेय. मी वळणावर थांबते, या सावकाश."

तक्रारीचं पहिलं वाक्य वाचायचं आणि पुढचं सोडून द्यायचं, या शिस्तीवर लिपिकांची सगळी नोकरी गेली होती. गाडी अडखळते एवढं त्यांनी मनावर घेतलं. पुढचं त्यांच्या कानावरून गेलं.

दुसऱ्याच दिवशी ते संगणक घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण यंत्र उघडल्यावर तो आधी मान हलवायचा आणि मग बोलायचा.

"साहेब, ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय," मान हलवून डॉक्टर म्हणाला. "पडद्यावर चित्र काढायचं काम त्याचं. हल्लीच्या खेळात झाडाचं पान न् पान वेगळं हलतं. ते बिचारं किती पानं हलवणार? कार्ड बदला. नाहीतर सरळ नवा संगणक घ्या."

'नवा' हा शब्द ऐकताच लिपिकांनी मागे वळून दरवाजाकडे पाहिलं. त्यांच्या घरात नव्या वस्तूंना बंदी होती. बंदी घालणारी त्यांची बायको शिवणकाम करायची आणि बोटभर चिंधीसुद्धा टाकायची नाही; उरलेल्या तुकड्यांचं काही ना काही होतंच, असं तिचं म्हणणं. लिपिकांनी पाठदुखीसाठी आणलेल्या मालीशच्या खुर्चीवर कपडे वाळत पडायला लागले, तेव्हा तिने जाहीर केलं होतं, "आता या घरात नवीन काही यायचं नाही. आहे ते वापरा."

पण दुरुस्तीला बंदी नव्हती! आणि दुरुस्तीत लिपिकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या खात्यात नव्हता. मोठ्या साहेबांची गाडीच घ्या. खात्यात नवीन वाहनखरेदी कित्येक वर्षं बंद होती. म्हणून लिपिकांनी जुन्या गाडीचं इंजीन दुरुस्तीत बदललं, मग चाकं, मग सांगाडा, मग सांगाड्याला शोभेना म्हणून रंग. आता त्या गाडीत मूळचा फक्त हॉर्न होता, तोही वाजत नव्हता. पण कागदोपत्री ती जुनी गाडीच होती आणि साहेब तिच्यात मोठ्या काटकसरीने मागे रेलून बसत.

"कार्ड बदला," लिपिक म्हणाले. "संगणक तोच राहील."

नवं कार्ड आलं. ते पाटाएवढं होतं. बसवून बटण दाबलं तर संगणकाने एक उसासा टाकला आणि डोळे मिटले.

"जुना पॉवर सप्लाय एवढी वीज देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाला.

"मग तो कार्डपूरक साहित्यात धरा."

नवा पॉवर सप्लाय आला. तो आणि कार्ड मिळून जुन्या पेटीत मावेनात, तेव्हा नवी पेटी आली. पेटीत शिरल्यावर असं निदर्शनास आलं, की कार्ड धावायला तयार आहे पण जुना प्रोसेसर त्याच्या पायात पाय घालतोय. नवा प्रोसेसर आला. त्याला जुन्या मदरबोर्डवर बसायला जागा नव्हती. नवा मदरबोर्ड आला. त्याने जुनी मेमरी नाकारली. जुन्या डिस्कचं काहीच चुकलं नव्हतं, पण एवढ्या थोरामोठ्यांत ती बरी दिसेना.

अशा रीतीने कार्ड बदलून झालं. शेवटी लिपिकांनी नखाने हळूच बेडूक सोडवला आणि नव्या पेटीवर चिकटवला. त्याचा एक पाय मागेच राहिला, तेवढी झीज त्यांनी ग्राह्य धरली.

"हा आपलाच ना?" बायकोने विचारलं.

"बेडूक बघ की!" लिपिक म्हणाले.

"आणि हे काढलेलं सगळं?"

"निकामी साहित्य. तुझ्या अखत्यारीत."

बायकोने ते तुकडे पेटीसकट शिवणाच्या खोलीत नेऊन ठेवले.

इतक्यात रविवार आलाच. मुलीचा फोन आला. "बाबा, बसायचं?"

"पुढच्या रविवारी. जरा नीट होऊ दे."

कारण नव्या कार्डाचं चित्र जुन्या पडद्यावर मावत नव्हतं. नवा पडदा टेबलावर मावला नाही. नवं टेबल ठेवल्यावर खोलीचं दार उघडेना, म्हणून दार काढलं. त्यानंतर खेळ सुरू केला आणि इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. आत इमारतीचे सचिव होते.

"तुम्ही घरात काय चालवताय?" जाळीतून सचिवांनी विचारलं.

"दुरुस्ती," लिपिक बाहेरून म्हणाले.

"मला उतरवा आधी!"

"विनंती योग्य आहे. पण वायर जुनी आहे, तिच्यावर भार सोसवत नाही. इमारतीची सगळी वायर कार्डपूरक समजून बदलली तर तुम्हाला कायमचं उतरता येईल."

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस कशालाही मान्यता देतो. सचिवांनी जाळीतूनच दिली. भिंती फोडल्या गेल्या, जिन्यात धूळ झाली, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. रविवार येत होते आणि पुढच्या रविवारावर ढकलले जात होते.

"अहो, पोरगी वाट बघते," बायको एकदा म्हणाली.

"वाट बघण्यासारखंच होणार आहे," लिपिक म्हणाले, आणि भिंतीतली वायर मोजायला गेले. हळूहळू मुलीने विचारायचं सोडून दिलं. लिपिकांना ते खुपलं. पण अशा गाडीत बसून थेट तिच्यापुढे जाऊ की पोरगी बघत राहील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

अखेर तो रविवार उजाडला. संध्याकाळी लिपिक दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. बटण दाबलं. लिफ्ट चालू राहिली. पडद्यावर झाडं आली आणि त्यांचं पान न् पान वेगळं हललं. लिपिकांचा ऊर भरून आला. त्यांनी आपलं नाव आणि परवलीचा शब्द घातला.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'हे खाते सध्या आपल्या मूळ संगणकावर वापरात आहे. हे यंत्र आमच्या ओळखीचे नाही.'

"मूळ संगणक हाच आहे!" लिपिक पडद्याला म्हणाले. त्यांनी बेडकाकडे बोट केलं. पडद्याने बेडूक विचारात घेतला नाही.

तेवढ्यात शिवणाच्या खोलीतून आरोळी आली. ती बायकोची होती.

लिपिक धावत गेले. शिलाई मशीनशेजारी जुनी पेटी घुरघुरत होती. तिच्यावर हिरव्या बेडकाचा एक पाय होता. जुना पडदा, जुना हेडफोन, आणि बायको हातात स्टिअरिंग असल्यासारखी दोन्ही कोपरांनी वळत होती.

"डॉक्टरनी जोडून दिला," तिने मान न वळवता सांगितलं. "उरलेले सगळे तुकडे चांगलेच होते. कितीतरी रविवार झाले, आम्ही खेळतो."

"पण हा अडखळतो!"

"अडखळू दे की. ती वळणावर थांबते." तिने हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला. "घ्या, बोला."

"बाबा?" मुलगी म्हणाली. "आलात एकदाचे! मी थांबलेय, या सावकाश."

या वेळी लिपिकांनी वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचे डोळे भरले. ते बायकोच्या स्टुलावर बसले, गाडी अडखळत निघाली, आणि लांबवर वळणावर त्यांना लेकीची लाल गाडी दिवे लावून उभी दिसली. ते ओरडले. शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. सगळं पूर्ववत झालं.

मग पहिली फेरी संपायच्या आत लिपिक पडद्यापासून जरा मागे सरकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "तसा ठीक आहे हा. यात फक्त एक छोटंसं कार्ड टाकलं तर?"

बायकोने हेडफोन काढून घेतला.

तुम्हाला हसू आलं असेल, तर ते रास्त आहे. फक्त हसून झाल्यावर एक करा. घराला रंग लागू दे मग बोलावतो, जरा सवड होऊ दे मग येतो, असं तुम्ही ज्यांना ज्यांना सांगून ठेवलंय, त्यांच्यापैकी वळणावर अजून कोण उभं आहे, तेवढं बघून घ्या.